कोल्ह्याची लूत, कुत्र्याची लस

शेपटीवर केस नाहीत, कानांच्या कडा करड्या खपल्यांनी जाड झालेल्या, डोळे अर्धवट मिटलेले आणि मागच्या पायाने खाजवणं थांबत नाही. असं जनावर मुलुंड-विक्रोळीच्या खाडीकडेला किंवा चारकोप, लोखंडवालाच्या खारफुटीजवळ दिसलं की पहिला फोन निघतो तो व्हिडिओ काढायला. मग सोसायटीच्या ग्रुपवर तर्क सुरू होतात. कुणी लांडगा म्हणतं, कुणी तरस, आणि एखादा हमखास ‘बिबट्याचं पिल्लू’ असं लिहून मोकळा होतो. वास्तविक मुंबईच्या खारफुटीत श्वानकुळातला रानटी प्राणी एकच, सोनेरी कोल्हा. अंगावरचे केस गेले की तो ओळखू येत नाही, एवढंच.

लूत म्हणजे सार्कोप्टिस नावाच्या सूक्ष्म किडीने होणारी खरूज. मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदे करते, त्यात अंडी घालते आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. खाजेने जनावर झोपत नाही, शिकार करत नाही, ओरबाडून जखमा करून घेतं, त्या जखमा चिघळतात. मरण येतं ते बहुधा उपासमारीने किंवा जखमांतल्या संसर्गाने.

रानटी जनावरांतल्या लुतीचा बराच अभ्यास अमेरिकेत अस्वलांवर झाला आहे. पेनसिल्व्हेनियात १९९० च्या दशकापासून काळ्या अस्वलांमध्ये ती पसरत गेली, पुढे शेजारच्या मेरीलँड, वेस्ट व्हर्जिनिया, व्हर्जिनिया या राज्यांतही पोचली. तिथल्या वन्यजीव खात्यांनी नागरिकांना काय सांगितलं ते आपल्या कामाचं आहे. घरामागे पक्ष्यांसाठी टांगलेले दाण्याचे डबे काढा, अस्वलांना खायला ठेवू नका, कचऱ्याचे डबे उघडे टाकू नका. कारण एरवी एकटं फिरणारं अस्वल आयत्या खाण्यापाशी दुसऱ्या अस्वलाच्या अंगाला अंग लावतं, नाहीतर त्याने जिथे अंग घासलं त्याच जागी येऊन बसतं. कीड जनावराच्या अंगावरून पडली तरी दमट, थंड जागी काही दिवस जगते.

बोरिवलीच्या जंगलात अस्वल नाही. अस्वल बघायचं तर राणीच्या बागेत जावं, किंवा थेट मेळघाट, ताडोबा गाठावं. पण तो सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडतो. अस्वलाच्या जागी कोल्हा आणि बिबट्या ठेवा आणि दाण्याच्या डब्याच्या जागी आपली कचराकुंडी. मुंबईत जंगल आणि वस्ती यांच्यामध्ये आणखी एक दुवा आहे, रस्त्यावरचा कुत्रा. रानातल्या आजाराला तुम्ही-आम्ही हात घालू शकतो तो या दुव्यापाशीच. कोल्ह्याला औषध पाजण्यापेक्षा गेटवरच्या कुत्र्याची लूत बरी करणं आणि त्याला इतर आजारांची लस टोचणं जास्त उपयोगाचं आहे, आणि त्यासाठी कुणाला जंगलात शिरावं लागत नाही.

लांबून काय ओळखता येतं

उन्हाळा लागला की कोल्ह्याची दाट लोकर झडते. अंगावर पुंजके लोंबतात, पाय काठीसारखे दिसतात आणि जनावर आजारी वाटतं. ते आजारी नसतं. झडलेल्या जागी आखूड केस दिसत असतील, कातडी गुळगुळीत असेल आणि चाल तरतरीत असेल तर त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यावं. लुतीत कातडी जाड होते, सुरकुत्या पडतात, राखाडी खपल्या धरतात. सुरुवात बहुतेक वेळा कानांच्या कडा, कोपरं, घोटे आणि पोटाकडून होते. शेपटी उंदरासारखी दिसू लागते. आजार वाढला की जनावर भरदिवसा उन्हात बसून राहतं, कारण केसांविना थंडी वाजते.

दिवसा दिसलेला प्रत्येक कोल्हा आजारी असतो असंही नाही. भरती जास्त आली की खारफुटीतली कोरडी जागा कमी होते आणि कोल्हे कडेला सरकतात. पाहायची असते ती त्याची वागणूक. माणूस दिसताच तो आडोसा शोधत असेल तर चिंता नाही. माणसाकडे सरळ चालत येणं, झोकांड्या खाणं, लाळ गळणं, जबडा लोंबणं, समोर येईल त्याला, अगदी दगडा-काठीलाही चावणं, यातलं काहीही दिसलं तर तो रेबीज समजावा. डिस्टेंपर नावाच्या विषाणूनेही अशाच झोकांड्या आणि झटके येतात, डोळ्यांतून आणि नाकातून घट्ट स्राव वाहतो. लांबून दोन्हींतला फरक पशुवैद्यालाही खात्रीने सांगता येणार नाही. म्हणून वागायचं ते रेबीज धरूनच.

ही भीती कल्पनेतली नाही. २०२४ च्या पावसाळ्याच्या अखेरीस चेंबूर-ट्रॉम्बे भागातल्या दोन कोल्ह्यांना रेबीज असल्याचं तपासणीत निष्पन्न झालं. खाडीकाठ सलग असल्यामुळे हा विषय घाटकोपर, विक्रोळी, मुलुंडकरांनी आपलाही समजायला हरकत नाही.

दिसल्यावर काय करावं

वन विभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६. तो आधीच फोनमध्ये साठवून ठेवा आणि सोसायटीच्या वॉचमनच्या टेबलामागेही लिहून लावा, कारण असा प्राणी पहिल्यांदा पाहतो तो पहाटेचा वॉचमन किंवा दूधवाला. फोनवर ‘जंगली जनावर आलंय’ एवढं सांगून भागत नाही. रस्ता, इमारतीचं नाव, जवळची ठळक खूण, किती वाजता दिसलं, चालतंय की पडून आहे, कुणाला चावलं का, आणि सध्या ते कुठल्या बाजूला तोंड करून आहे, हे सांगा. झूम करून काढलेला एक स्पष्ट फोटो उपयोगी पडतो. कातडी आणि डोळे दिसले की येणाऱ्या पथकाला जाळं आणायचं, पिंजरा आणायचा की भुलीची तयारी ठेवायची याचा अंदाज येतो.

पथक येईपर्यंत सगळ्यात मोठं काम म्हणजे गर्दी हटवणं. आजारी कोल्ह्याला पळायला एक बाजू मोकळी लागते, चारही बाजूंनी माणसं उभी राहिली की तो चावतोच. गेट बंद करून त्याला आत कोंडणं हा शहाणपणा वाटतो, पण कोंडलेलं जनावर जिन्यात, पार्किंगमध्ये किंवा मीटरच्या खोलीत शिरतं. तुमचा पाळीव कुत्रा घरात घ्या, मुलांना खाली सोडू नका. पाणी-बिस्किटं ठेवू नका. दया येते हे खरं, पण बिस्किटाच्या त्याच ताटलीवर रात्री गल्लीतले कुत्रे येतात आणि आपण दोघांची गाठ घालून देतो.

बिबट्याच्या बाबतीत यातलं सगळं तर लागू आहेच, शिवाय आणखी एक गोष्ट. आजारी किंवा जखमी बिबट्या सावजाच्या मागे धावू शकत नाही, म्हणून तो सोप्या जागा शोधतो. आरे किंवा मुलुंडच्या डोंगरपायथ्याला एखादा बिबट्या लंगडताना किंवा फार रोडावलेला दिसला तर हल्ला झालेला नाही म्हणून कळवायचं टाळू नये. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पथकाला वेळेत मिळालेली ही बातमी फार मोलाची असते.

मेलेलं जनावर सापडलं तर लोक ते कचऱ्याच्या गाडीत टाकतात किंवा मागच्या मोकळ्या जागेत पुरतात. दोन्ही करू नका. रेबीजचं पक्कं निदान मेंदूच्या नमुन्यावरून होतं आणि उन्हात पडलेल्या देहातून तो नमुना लवकर बिघडतो. हात न लावता जागा राखा आणि १९२६ वर कळवा. एका मेलेल्या कोल्ह्याची तपासणी झाली तर त्या भागातल्या कुत्र्यांना तातडीने लस द्यायची की नाही हे ठरतं.

चावा किंवा ओरखडा झाला असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काहीही भरायचं नाही, टाके घालायची घाई करायची नाही. मग लगेच रुग्णालय. आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार रानटी प्राण्याचा चावा सगळ्यात गंभीर, म्हणजे तिसऱ्या श्रेणीचा मानला जातो. त्यात लसीबरोबर जखमेत आणि जखमेभोवती प्रतिद्रव्याचं इंजेक्शनही द्यावं लागतं. ते मिळालं का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. महापालिकेच्या रुग्णालयांत लस मोफत मिळते. जखम लहान आहे म्हणून थांबलेली माणसं दगावली आहेत, आणि रेबीजची लक्षणं दिसल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही.

औषध आपणच घातलं तर?

आईव्हरमेक्टिनची गोळी मटणाच्या तुकड्यात घालून खारफुटीच्या कडेला ठेवली तर, असं विचारणारे सज्जन असतात. नको. गोळी कोण खाईल याचा नेम नाही, किती खाईल याचा तर नाहीच. कोली जातीच्या आणि तिच्याशी नातं असलेल्या कुत्र्यांना हे औषध जिवावर बेततं, लहान पिल्लांनाही धोका असतो. शिवाय जनावर औषधाने बरं झालं तरी त्याच दूषित बिळात परततं. अमेरिकेतल्या अस्वलांच्या बाबतीतही हीच अडचण आहे. पकडून, औषध देऊन सोडलेलं अस्वल पुन्हा लागण झालेल्या जंगलातच जातं. आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून लागू आहे. कोल्ह्याला पकडणं, डांबणं, घरी नेऊन शुश्रूषा करणं हे सगळं त्याच्या कक्षेत येतं, हेतू कितीही चांगला असला तरी.

गल्लीतल्या कुत्र्याची गोष्ट मात्र वेगळी. तिथे उपचार करायलाच हवेत, फक्त योग्य ते. गॅरेजमधलं काळं जळकं ऑइल लुतीवर चोपडण्याची रीत अजून गेलेली नाही. कुत्रा ते चाटतो, त्याच्या पोटात विष जातं आणि कातडी भाजते ती वेगळीच. गंधक, करंजाचं तेल, कडुनिंब यांनी खाज जरा कमी होते, पण कातडीच्या आत बोगद्यात बसलेली कीड त्याने संपत नाही. पशुवैद्य कातडीची खरवड सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, कारण सगळीच केसगळती संसर्गजन्य नसते. पिल्लांत दिसणारी डेमोडेक्सची खरूज एका कुत्र्यापासून दुसऱ्याला अशी लागत नाही, गजकर्ण मात्र लागतं आणि माणसालाही लागतं. निदान झालं की आता महिन्याला एक अशा चघळायच्या गोळ्या मिळतात. पुन्हा पुन्हा इंजेक्शन टोचायला कुत्रा धरून आणण्याची कसरत त्यामुळे वाचली आहे. खर्च जास्त वाटला तर सोसायटीतल्या चार घरांनी वाटून घ्यावा. परळचं बैलघोडा हॉस्पिटल आणि पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच, पण अंधेरीहून कुत्रा घेऊन परळ गाठणं सोपं नाही, त्यामुळे जवळचा पशुवैद्य गाठून त्यालाच गल्लीत बोलावणं व्यवहार्य.

इथे बहुतेकांचं एक चुकतं. ज्याच्या अंगावर केस नाहीत त्याच कुत्र्याला औषध देतात आणि त्याच्या शेजारी झोपणाऱ्या तिघांना सोडून देतात. एकत्र राहणाऱ्या सगळ्यांना एकाच वेळी औषध हवं. ते ज्या गोणपाटावर झोपतात ते टाकून द्यायचं किंवा उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचं.

जंगलाच्या कडेचे कुत्रे

मुंबईत भटके कुत्रे किती? महापालिकेच्या २०१४ च्या गणनेत ९५,१७२ निघाले होते. त्यातले जंगल आणि खाडी यांच्या कडेला राहणारे आपल्या विषयाचे. दहिसरचा केतकीपाडा, मालाडचा आप्पापाडा, आरेतले तबेले आणि पाडे, मुलुंडचा डोंगरपायथा, भांडुप-विक्रोळीची खाडीबाजू, ही कड जितकी लांब तितकी कुत्रा आणि रानटी जनावर यांची गाठभेट जास्त.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं. तिथले बिबटे कुत्रे खातात हे विष्ठेच्या तपासणीतून वारंवार दिसलं आहे. २०१८ मध्ये संशोधकांनी मांडलेला अंदाज असा, की इथले बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार कुत्रे मारतात, आणि त्यामुळे माणसांना होणारे कुत्र्यांचे चावे कमी होतात. बातम्यांनी यातला फायदा उचलून धरला. पण कुत्र्याबरोबर बिबट्याच्या पोटात कुत्र्याचे आजारही जातात, त्यावर फारसं कुणी बोललं नाही.

हे आजार मोठ्या मांजरांना काय करतात याची उदाहरणं आहेत. १९९४ मध्ये टांझानियाच्या सेरेंगेटीत डिस्टेंपरची साथ आली आणि सिंहांपैकी साधारण एक तृतीयांश मेले. विषाणू आसपासच्या गावांतल्या कुत्र्यांकडून आल्याचं मानलं गेलं. गीरच्या दलखाणिया भागात सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्ये काही आठवड्यांत २३ सिंह गेले, तिथेही डिस्टेंपर सापडला, जोडीला गोचिडांतून येणारा बबेसिया. अस्वलंही यातून सुटलेली नाहीत. चीनच्या शान्शी प्रांतातल्या एका केंद्रात २०१४-१५ च्या हिवाळ्यात डिस्टेंपरने पांडे दगावले, आणि पांडा म्हणजे अस्वलाच्याच कुळातला. आपल्या राज्यात सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात संशोधकांनी गावकुत्र्यांचं रक्त तपासलं तेव्हा बहुतेक कुत्र्यांना डिस्टेंपर आणि पार्व्हो या विषाणूंची लागण होऊन गेलेली आढळली. त्याच माळावर खोकडं राहतात.

डिस्टेंपर, पार्व्हो आणि रेबीज या तिन्हींवर एक सोपा उपाय, लस. पाळीव कुत्र्याला दीड-दोन महिन्यांचा असताना डिस्टेंपर-पार्व्होची पहिली मात्रा, मग चार महिन्यांचा होईपर्यंत पुढच्या, तीन महिन्यांनंतर रेबीजची, आणि पुढे पशुवैद्य सांगेल तसं दरवर्षी. गल्लीतल्या कुत्र्यांना महापालिकेच्या मोहिमेत रेबीजची लस मिळते. डिस्टेंपरची बहुधा मिळत नाही, ती तुम्हाला किंवा एखाद्या संस्थेला द्यावी लागेल. जंगलाला लागून असलेल्या सोसायट्यांनी देखभाल खर्चात यासाठी एक ओळ ठेवावी असं माझं स्पष्ट मत आहे. लॉबीतल्या संगमरवरावर आपण त्याच्या कितीतरी पट उधळतो.

रेबीजची साखळी तोडायला एखाद्या भागातल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना लस झालेली असावी लागते. म्हणजे ‘आमच्या गेटवरच्या दोघांना दिली’ एवढ्याने भागत नाही. पलीकडच्या झोपडपट्टीतले, तबेल्यातले, बांधकामाच्या साइटवरचे कुत्रेही त्यात हवेत. वॉर्ड ऑफिसला पत्र देताना, मग ते अंधेरीचं के पूर्व-के पश्चिम असो, बोरिवलीचं आर मध्य, मुलुंडचं टी की घाटकोपरचं एन, सगळ्या पट्ट्याचा नकाशा जोडून एकत्र अर्ज करा. चार सोसायट्यांचं एक पत्र चार पत्रांपेक्षा लवकर हलतं.

आणि कृपा करून आजारी कुत्रा आरेत नेऊन सोडू नका. पाळीव कुत्र्याला लूत लागली, म्हातारा झाला, भाडेकरार संपला, की गाडीत घालून आरेच्या रस्त्यावर उतरवणारे आहेत. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी केलेला भटका कुत्रासुद्धा मूळ जागीच परत सोडावा लागतो. लूत लागलेलं जनावर बिबट्याच्या दारात नेऊन सोडणं म्हणजे आजाराची घरपोच सेवा झाली.

खाऊ घालणाऱ्यांशी भांडणं वाढवण्यात अर्थ नाही. त्यांना एवढंच सांगा, की ठरलेली जागा, ठरलेली वेळ, आणि अर्ध्या तासात ताटल्या उचलायच्या. ती जागा जंगलाच्या भिंतीपासून आणि खारफुटीपासून जितकी आत तितकी बरी. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल शहरात लोकांच्या लाडाने खोकडांची गर्दी प्रचंड वाढली होती. १९९४ मध्ये लूत शिरली आणि दोनेक वर्षांत ९५ टक्क्यांहून जास्त खोकडं नाहीशी झाली. एकाच ताटलीवर जमणाऱ्या कुत्र्या-कोल्ह्यांना याहून वेगळं काही होईल असं मानायला आधार नाही.

उंदराचं औषध

उंदराच्या औषधाचा लुतीशी संबंध आहे हे पुष्कळांना ठाऊक नसतं. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये पी-२२ नावाचा एक पहाडी सिंह राहायचा, महामार्गांनी वेढलेला, आपल्या बोरिवलीच्या बिबट्यांचा दूरचा भाऊबंद शोभेल असा. २०१४ मध्ये तो लुतीने खंगलेला सापडला आणि त्याच्या रक्तात उंदीर मारायच्या विषाचे अंश मिळाले. त्याला पकडून उपचार केले, तो सावरला आणि २०२२ पर्यंत जगला. त्याच भागातल्या रानमांजरांच्या अभ्यासात हे विष अंगात असणं आणि लुतीने मरणं यांचा संबंध आधीच दिसला होता. रक्त गोठू न देणारं हे विष उंदराला लगेच मारत नाही. झिंगलेला उंदीर काही दिवस फिरत राहतो, घुबड, कोल्हा, मुंगूस त्याला उचलतात, आणि विष त्यांच्या यकृतात साठत जातं.

आपल्या सोसायट्यांत पेस्ट कंट्रोलवाले टाकतात त्या वड्यांत बहुतेक वेळा याच जातीचं ब्रोमॅडायोलोन असतं. पुढचा करार करताना त्यांना विचारा, काय टाकता आणि कुठे? जंगल-खाडीच्या कडेला असाल तर विषाऐवजी पिंजरे मागा, गटारांची तोंडं जाळीने बंद करून घ्या, कचऱ्याची खोली रात्री कुलूपबंद ठेवा. वडी टाकायचीच असेल तर बंद पेटीत, आणि मेलेले उंदीर रोज सकाळी उचलायची जबाबदारी करारात लिहून. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे मूषकसंहारक रात्री काठ्या घेऊन उंदीर मारतात. ऐकायला ओबडधोबड वाटतं, पण कोल्ह्याच्या दृष्टीने ते निर्धोक काम आहे.

राहिला एक प्रश्न, जो लुतीच्या कुत्र्याला हात लावलेला प्रत्येकजण विचारतो. माणसाला होते का? कुत्र्याची कीड माणसाच्या कातडीत शिरते, मनगटावर, पोटावर, मांड्यांवर लाल पुळ्या आणि खाज येते, पण तिला तिथे नीट प्रजा वाढवता येत नाही. कुत्र्यावर उपचार झाले की काही आठवड्यांत ते जातं. घरातल्या सगळ्यांनाच खाजू लागलं, रात्री वाढलं, बोटांच्या बेचक्यात पुळ्या आल्या, तर ती माणसाची खरूज असू शकते. तेव्हा कुत्र्याला दोष देत न बसता त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी मलम लावा.